पाणक्याचं गाढव

इजिप्तचा समाज समजावून सांगायचा तर एक पिरॅमिड काढायचा आणि त्याचे आडवे पट्टे पाडायचे, ही युक्ती ज्या कुणा पाठ्यपुस्तकवाल्याला पहिल्यांदा सुचली, त्याने पुढच्या सगळ्या मास्तरांचं काम हलकं केलं. टोकाला फॅरो. त्याखाली वजीर आणि सरदार, मग पुजारी, लेखनिक, सैनिक, कारागीर, शेतकरी आणि अगदी तळाला गुलाम. पाच मार्कांचं उत्तर तयार. आकृती सुबक आहे आणि ती पाहिली की माझी चिडचिड होते. वरचा पट्टा खालच्यावर नुसता बसलेला दिसतो. सकाळी उठून कोण कुणाच्या दारात जातं, कोण कुणाचं देणं लागतं, कोण कुणाच्या नावाने बोटं मोडतं, यातलं काहीच त्यात मावत नाही.

शिवाय या आकृतीला लागणारी माहिती जवळजवळ सगळी एकाच पट्ट्याने पुरवलेली आहे, लेखनिकांच्या. शेतात राबणाऱ्याला लिहिता येत नव्हतं. तो काय करत होता हे कुणा कारकुनाने लिहून ठेवलं म्हणून कळतं. मी स्वतः उभी हयात एका कचेरीच्या आस्थापना शाखेत घालवली. मस्टर, रजेचे अर्ज आणि वेतनवाढीच्या फायली यांच्या ढिगात. त्यामुळे कारकुनाचं लिखाण कसं वाचावं हे थोडंफार कळतं. कारकून सहसा खोटं लिहीत नाही, पण ज्याचा हिशोब वरून मागितला जाणार असतो तेवढंच लिहितो.

या जमातीला स्वतःचं कौतुक किती होतं बघा. दुआ-खेती नावाच्या बापाने आपल्या पेपी नावाच्या मुलाला केलेला एक उपदेश इजिप्तमध्ये शेकडो वर्षं शाळेत गिरवून घेत असत. बाप पोराला बोटीने राजधानीच्या शाळेत घालायला निघालाय आणि वाटेत एकेका धंद्याची सालं काढतोय. तांबटाची बोटं मगरीच्या कातडीसारखी झालेली, अंगाला माशाच्या गाभोळीहून वाईट वास. न्हावी संध्याकाळपर्यंत गल्लोगल्ली गिऱ्हाईक शोधत फिरणारा. विणकर गुडघे पोटाशी घेऊन दिवसभर कोंडलेला, उजेड बघायचा तर दारवानाच्या हातावर खाऊ ठेवावा लागतो. धोबी मगरीच्या शेजारी कपडे धुतो. प्रत्येक धंद्यात डोक्यावर कुणीतरी साहेब असतो, फक्त लेखनिकाच्या डोक्यावर नसतो, तोच साहेब असतो. हे शेवटचं वाक्य कोणत्याही काळच्या कारकुनाला विचारा. तो हसेल आणि आपल्या साहेबाच्या केबिनकडे बोट दाखवेल.

पण या टिंगलीतून एक गोष्ट निसटून हाती लागते. धंद्यांची वाटणी किती बारीक होती! आणि प्रत्येक वरच्याचा दिमाख कुणा खालच्याच्या हातावर तोललेला होता. २०१२ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममींचं प्रदर्शन आलं होतं. त्यात नेसपेरेन्नुब नावाच्या, कर्नाकच्या देवळातल्या पुजाऱ्याची गोष्ट होती. इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराचा हा गृहस्थ. पट्ट्या न सोडता त्याचं सीटी स्कॅन केलं, तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला एक वाडगा चिकटलेला दिसला. कच्च्या मातीचा, ओबडधोबड, हाताने थापलेला. पंडितांनी आधी त्यात धर्माचा काही गूढ अर्थ असेल का ते पाहिलं. नंतरचा कयास असा की ममी करणाऱ्यांनी राळ ओतताना ओघळ धरायला तो खाली ठेवला, राळ वाळली, वाडगा डोक्याला चिकटून बसला, आणि निघेना म्हणून त्यांनी वरून पट्ट्या गुंडाळून काम उरकलं. वरून पाहणाऱ्याला काय कळणार? स्वर्गाची दारं उघडणारा अशी पदवी मिरवणारा पुजारी, आणि अठ्ठावीसशे वर्षं डोक्याला वाडगा. मला त्या प्रदर्शनातलं सोनं आता आठवत नाही, वाडगा आठवतो. त्या समाजात कोण कुणावर अवलंबून होतं हे तो वाडगा पिरॅमिडच्या आकृतीपेक्षा बरं सांगतो.

शेतकऱ्यांचंही तेच. देशातली बहुतेक माणसं शेतात होती, पण ती दिसतात दुसऱ्याच्या थडग्याच्या भिंतीवर. लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम किनाऱ्यावर मेन्ना नावाच्या एका अधिकाऱ्याची कबर आहे, इसवी सनापूर्वी १४०० च्या आगेमागची. राजाच्या शेतजमिनींचा हा लेखनिक, म्हणजे महसूल खात्यातला बडा माणूस. भिंतीवर त्याची माणसं गाठी मारलेला दोर धरून उभं पीक मोजताहेत, कारण वसुली त्या मापावर ठरणार. एका जागी कुणालातरी आडवं पाडून काठीने बडवणं चाललंय. हे सगळं मेन्नाच्या थोरवीसाठी. पण चित्रकाराचा हात चित्र काढता काढता भरकटला असावा. सरवा वेचणाऱ्या दोन पोरी एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत. एक पोर दुसरीच्या पायातला काटा काढतेय. झाडाखाली एक गडी डुलकी काढतोय, फांदीला पाण्याची पखाल टांगलेली. हिशोबात न येणारी माणसं हिशोबनिसाच्या कबरीत अशी घुसलेली आहेत. पुढे कधीतरी कुणीतरी भिंतीवरच्या मेन्नाचे डोळे खरवडून काढले. त्या पोरींच्या वाटेला मात्र कुणी गेलं नाही.

आता ज्या गावासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. देर अल-मदिना. लक्सरसमोर नाईलच्या पलीकडे, डोंगराच्या एका कोरड्या घडीत बसलेलं गाव. आमच्या टूरच्या कार्यक्रमात ते नव्हतंच. राजांची दरी, हातशेपसुतचं देऊळ, अल्बास्टरचं दुकान, जेवण, बस. मी दुकान चुकवलं आणि टॅक्सी करून तिथे गेलो. गुडघ्या-कमरेपर्यंतच्या भिंती उरल्यात. तटाच्या आत सत्तरेक घरं, मधून बोळ, घराला घर लागून. घर म्हणजे एकामागे एक चार खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पुढच्या खोलीत विटांचा एक ओटा, मग जरा उंच छताची बैठकीची खोली, मग आतली, आणि सगळ्यात मागे चूल, भट्टी आणि गच्चीवर जायचा जिना. उन्हाळ्याच्या रात्री अख्खं गाव गच्चीवर झोपत असणार आणि कुणाच्या घरात काय भांडण चाललंय हे सगळ्यांना ऐकू जात असणार.

राजांच्या दरीतली थडगी खोदणारी आणि रंगवणारी माणसं ती हीच. पाथरवट, गिलावा करणारे, रेखाटन करणारे, रंगारी, सुतार. संख्या साधारण चाळीस ते साठ, रामसेस चौथ्याच्या वेळी ती १२० पर्यंत चढवली होती. टोळीचे दोन भाग, उजवा आणि डावा, बोटीवरच्या वल्हेकऱ्यांसारखे. प्रत्येक भागाला एक मुकादम. आठवडा दहा दिवसांचा, त्यात शेवटी सुट्टी. कामाचे दिवस डोंगराच्या खिंडीतल्या झोपड्यांत काढायचे आणि सुट्टीला घरी उतरायचं. पाठ्यपुस्तकी पट्ट्यात ही मंडळी ‘कारागीर’ म्हणून खालून दुसरी-तिसरी येतील. प्रत्यक्षात त्यांची ऐट पाहण्यासारखी होती.

पगार धान्यात. महिन्याला साध्या कामगाराला चार खार गहू आणि दीड खार जव. खार म्हणजे सुमारे ७६ लिटरचं माप. गहू भाकरीसाठी आणि जव बिअरसाठी. हा गहू म्हणजे एमर, आपल्या सांगली-साताऱ्याकडे खीर आणि पुरणपोळीसाठी शोधून आणतात तो खपली गहू. मुकादमाला साडेपाच खार गहू आणि दोन खार जव. आस्थापना शाखेतल्या सवयीने मी लगेच गुणोत्तर काढलं, कामगार आणि मुकादम यांच्यात दीडपटीचाही फरक नाही. वेतन आयोगाला लाज वाटेल. एवढं धान्य एका कुटुंबाला पुरून उरे आणि उरलेल्यावर बाजार होई. नाणी नव्हतीच. किंमत मोजायची तांब्याच्या वजनात, देबेनमध्ये. एक देबेन सुमारे ९१ ग्रॅमचा. एक खार धान्य दोन देबेन. म्हणजे कामगाराचा महिन्याचा पगार अकरा देबेन. गाढव पंचवीस-तीस देबेनला. हे गाढव लक्षात ठेवा.

या गावात पाणी नव्हतं. गावाच्या उत्तरेला लोकांनी एक प्रचंड खड्डा खणला, सुमारे ५० मीटर खोल, दगडात. थडगी खणणाऱ्यांनाच असली हिंमत. पाणी लागलंच नाही. मग त्या खड्ड्यात गावाने कचरा टाकला, आणि बर्नार ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने तो उपसला तेव्हा त्यातून हजारो खापऱ्या आणि चुनखडीच्या कपच्या निघाल्या, लिहिलेल्या. पपायरस महाग, दगडाची कपची फुकट. पावत्या, उसनवाऱ्या, तक्रारी, प्रेमाची गाणी, धोब्याच्या याद्या. जगातल्या कुठल्याच प्राचीन गावाची इतकी चहाडी इतकी व्यवस्थित जपलेली नसेल, आणि ती जपली गेली पाणी लागलं नाही म्हणून.

तर पाणी बाहेरून यायचं. राज्याने या सत्तरेक घरांच्या दिमतीला माणसं नेमून दिलेली होती. पाणके, कोळी, सरपण आणणारे, माळी, कुंभार, धोबी. आपल्याकडच्या बलुतेदारांची आठवण होते खरी, पण फरक मोठा आहे. बलुतेदार गावाचा असे, गावात राहत असे आणि खळ्यावर आपला वाटा हक्काने मागत असे. हे लोक तटाबाहेरचे, सरकारने लावून दिलेले, आणि ठरलेला माल पोचला की नाही याची नोंद गावचा कारकून ठेवत असे. अमक्या दिवशी इतकं सरपण आलं, इतकं यायचं बाकी. सरपणवाल्याच्या नावापुढे बाकी वाढत जाते.

पाणक्याला गाढव लागतं. घडे लादायचे, नदीकडून डोंगरापर्यंत वाळूतून यायचं, आणि उद्या परत. पण बहुतेक पाणक्यांकडे स्वतःचं गाढव नसे. गाढव कुणाचं? गावातल्या कामगाराचं. अडीच-तीन महिन्यांचा पगार घालून कामगार गाढव घ्यायचा आणि पाणक्याला किंवा सरपणवाल्याला भाड्याने द्यायचा. म्हणजे बघा, ज्याच्या घरी पाणी टाकायचं त्याच्याच गाढवावर टाकायचं, आणि वर त्यालाच भाडं द्यायचं. भाडं थकायचं. गाढव आजारी पडायचं, कधी पाणक्याच्या ताब्यात असताना मरायचं. मग गावच्या पंचांपुढे खटला. अशा कज्ज्यांच्या कपच्या पुष्कळ आहेत. पाणका आपल्याला भेटतो तो बहुधा असाच, देणेकरी म्हणून.

त्या गावात फिरताना ही एकच गोष्ट डोक्यात होती. राजासाठी डोंगर फोडणारे हे लोक शोषितांच्या यादीत घालायचे की सावकारांच्या? पिरॅमिडच्या आकृतीत माणूस एका वेळी एकाच पट्ट्यात असतो. इथे तो सकाळी वजिरापुढे जमिनीला नाक लावतो आणि संध्याकाळी पाणक्याची गचांडी धरतो.

धोब्यासाठी एक वेगळीच सोय होती. धोब्याला वाचता येत नव्हतं, म्हणून कपड्यांची यादी चित्रांत काढायचे. लंगोटाचं चित्र, अंगरख्याचं चित्र, आणि पुढे नग मोजायला ठिपके. याच गावचा मुकादम ‘खा’ याची कबर १९०६ साली इटालियन संशोधक स्कियापारेल्लीला जशीच्या तशी सापडली, आणि त्यातलं सामान तुरीनच्या संग्रहालयात आहे. त्यात त्याचे डझनावारी तिकोनी लंगोट आहेत, घडी घातलेले, मालकाची खूण टाकलेले, धुताना अदलाबदल होऊ नये म्हणून. बायको मेरितचा विग आहे, भाकऱ्या आहेत, आणि राजाने दिलेला सोन्याचा मुलामा केलेला हातभर लांबीचा गज आहे. त्या गजाचा फोटो सगळे छापतात. मला लंगोटांचं कौतुक वाटतं, कारण त्यांवरून कुणीतरी धोब्यावर डाफरलेलं आहे.

आता हजेरीपट. ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीची एक मोठी कपची आहे, रामसेस दुसऱ्याच्या राजवटीच्या चाळिसाव्या वर्षाची. चाळीस कामगारांची नावं, पुढे गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत, आणि प्रत्येक तारखेच्या डोक्यावर कारण लाल शाईत. मी तिचं भाषांतर पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसलो. माझ्या टेबलावरून गेलेले अर्जच! आजारी. डोळे आलेत. विंचू चावला. आईला ममीच्या पट्ट्या बांधतोय. बायको किंवा मुलगी विटाळशी आहे. बिअर गाळतोय, आणि हे कारण कुठल्याही संकोचाशिवाय, सणासुदीच्या तयारीसारखं. एक जण पुनःपुन्हा दुसऱ्यांसाठी औषधं करायला गैरहजर, एकदा तर कारकुनाच्याच बायकोसाठी. ही रजा मंजूर होणार नाही तर काय होणार! आणि कितीतरी ठिकाणी कारण दिलंय, ‘साहेबाच्या कामावर’. सरकारी पगारावरची माणसं मुकादमाच्या घरची कामं करत होती, आणि मस्टरमध्ये ते लपवायची गरजसुद्धा कुणाला वाटली नाही.

त्या गावात मुकादमाचं प्रकरण किती चिघळू शकतं हे पानेबच्या तक्रारीत दिसतं. पानेब मूळचा साधा कामगार. नेफेरहोतेप नावाच्या मुकादमाने त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. नेफेरहोतेप गेल्यावर मुकादमी मिळाली पानेबला. नेफेरहोतेपचा भाऊ अमेननख्त याने वजिराकडे लांबलचक तक्रारअर्ज केला, आणि तो आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पानेबने नेमणुकीसाठी वजिराला पाच नोकर लाच दिले. राजाच्या थडग्यातला माल पळवला. सरकारी पाथरवटांकडून स्वतःच्या कबरीसाठी दगड फोडून घेतला. कामगारांना आपल्या बैलाची वैरण बघायला लावलं आणि त्यांच्या बायकांना आपल्यासाठी विणायला बसवलं. बायकांवरून केलेले आरोप तर इथे लिहीत नाही. हा अर्ज भाऊबंदकीतून आलेला आहे, त्यामुळे निम्मं वजा करून वाचावा. पण त्या निम्म्यातूनही दिसतं की जागा बापाकडून लेकाकडे जाण्याचा रिवाज असला तरी मधूनच एखादा उपरा वर चढू शकत असे. फक्त त्याची किंमत माणसांत मोजावी लागे.

माणसांची किंमत म्हटलं की मला एक पोर आठवते. रामसेस दुसऱ्याच्या पंधराव्या वर्षी इरिनेफेरेत नावाच्या बाईच्या दारात राइया नावाचा व्यापारी एक सिरियन मुलगी घेऊन आला. बाईने किंमत चुकवली ती अशी. घरातली पातळ कापडं, अंगरखा, लंगोट. मग अमक्या शेजारणीकडून घेतलेलं काशाचं भांडं, तमक्या पुजाऱ्याकडून घेतलेलं आणखी एक, तमकीची कढई, मधाचा एक बुधला. प्रत्येकाची चांदीतली किंमत पुढे मांडलेली. सगळं मिळून चार देबेनहून थोडी जास्त चांदी. हे आपल्याला माहीत असण्याचं कारण त्या पोरीचं दुःख नव्हे. त्या भांड्यांत माझीही भांडी होती असा दावा बाकमुत नावाच्या बाईच्या वतीने एका सैनिकाने कोर्टात लावला, आणि इरिनेफेरेतला शपथेवर सगळा हिशोब सांगावा लागला. त्या जबानीत ती म्हणते की मी पोरीला घेतलं आणि तिला नाव ठेवलं, गेमनिहेरिमेन्तेत. आधीचं नाव काय होतं हे कोर्टाने विचारलं नाही.

खुद्द आमच्या कामगारांच्या गावातही दळणाला बायका होत्या, राज्याने दिलेल्या. त्या एका घरच्या नव्हत्या. त्यांचे दिवस वाटलेले असत. महिन्यातले इतके दिवस या घरी, इतके त्या घरी. आणि आपल्या वाट्याचे दिवस घरवाले एकमेकांना विकूही शकत. पाट्यावर वाकलेल्या बाईच्या सांगाड्यात गुडघे आणि पाठीचे मणके झिजलेले सापडतात असं प्राचीन जगातल्या कितीतरी जागांबद्दल वाचायला मिळतं. देर अल-मदिनाच्या हिशोबात तेवढं दुःख ‘दिवस’ या रकान्यात बसतं.

मग रामसेस तिसऱ्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, इसवी सनापूर्वी ११५५ च्या सुमारास, ते प्रसिद्ध प्रकरण झालं. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी शिधा आला नाही. पहारेचौक्या ओलांडून अख्खी टोळी खाली उतरली आणि थुटमोस तिसऱ्याच्या स्मारक-देवळामागे जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून रामेसियममध्ये, म्हणजे रामसेस दुसऱ्याच्या स्मारक-देवळात. अधिकारी आले, शपथा घेऊन झाल्या, गोड बोलून झालं, कुणी हलेना. भुकेने आणि तहानेने आम्हाला इथे आणलंय, त्यांनी सांगितलं. कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, फॅरोला लिहा, वजिराला लिहा. मागच्या महिन्याचा शिधा त्या वेळी मिळाला. पुढच्या महिन्यांत पुन्हा तेच. ‘तो’ नावाच्या वजिराने निरोप धाडला त्यातला सूर कुठल्याही मंत्रालयातून येऊ शकेल. कोठारातच नाही तर मी काय करू, तरी सापडलं ते देतो. आणि अर्धा शिधा वाटला. जगातला नोंद झालेला पहिला संप म्हणून सगळीकडे याचा उल्लेख येतो आणि तो यावाच. ही नोंद ठेवली अमेननख्त नावाच्या गावच्या लेखनिकाने (हा अमेननख्त वेगळा, पानेबवर तक्रार करणारा नव्हे), तेल आणि माशांच्या नोंदींइतक्याच कोरड्या हाताने.

मला त्या मागणीतली ‘तहान’ खटकते. पाणी का आलं नाही? त्या दिवसांत पाणके कुठे होते? टोळीला शिधा नव्हता तर त्यांना असेल कशाला? नोंद टोळीची आहे, म्हणून हे प्रश्न तिथेच राहतात. संप करायलाही मस्टरवर नाव लागतं.

पुढच्या काही दशकांत ही सगळी घडी विसकटली. धान्य महागलं, डोंगरात लिबियन टोळ्यांची भीती, आणि थडगी फुटू लागली. रामसेस नवव्याच्या सोळाव्या वर्षी अमेनपानुफेर नावाच्या पाथरवटाने जबानी दिली ती वाचून हसावं की रडावं कळत नाही. सोबेकेमसाफ राजाचं थडगं फोडलं, राजा-राणीच्या अंगावरचं सोनं ओरबाडलं, शवपेट्या जाळल्या. १६० देबेन सोनं निघालं, आठ जणांत प्रत्येकी वीस. नदीपार आल्यावर शिपायांनी धरलं. आपल्या वाट्याचं वीस देबेन सोनं त्याने तिथल्या कारकुनाला दिलं आणि तो सुटला. परत साथीदारांत आला, तर त्यांनी पुन्हा वाटणी करून त्याचा वाटा भरून काढला, आणि धंदा पुढे चालू. वीस देबेन म्हणजे पावणेदोन किलोच्या वर सोनं. राबणारा पाथरवट आणि दुआ-खेतीच्या उपदेशातला तो ‘साहेब’ यांच्यात इतका रोकडा व्यवहार दुसऱ्या कुठल्या कागदात मला आढळला नाही.

त्याच काळातली, थोडी आधीची, नौनख्ते. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आधी गावच्या म्हाताऱ्या लेखनिकाची बायको, तो गेल्यावर एका कामगाराशी लग्न, आठ मुलं. रामसेस पाचव्याच्या तिसऱ्या वर्षी ती पंचांपुढे उभी राहिली आणि मृत्युपत्र लिहवून घेतलं. मी फॅरोच्या भूमीतली स्वतंत्र बाई आहे, ती म्हणते. या आठांना वाढवलं, ज्याचा त्याचा संसार मांडून दिला, आता म्हातारी झाले तर बघत नाहीत. ज्याने माझ्या हातावर काही ठेवलं त्याला देईन, ज्याने ठेवलं नाही त्याला देणार नाही. आणि खरोखरच काही मुलांची नावं तिने आपल्या वाट्यातून काढून टाकली. बापाचं मिळेल ते मिळेल, माझं नाही. ज्याने सांभाळलं त्या मुलाला इतरांपेक्षा जास्तीचं एक काशाचं घंगाळ. पिरॅमिडच्या आकृतीत नौनख्तेला कुठे बसवायचं? ‘कारागिराची बायको’ असा पट्टाच नाही. पण पंचांनी ऐकलं तिचंच.

एवढी सगळी भांडणं, बाक्या, लाचा आणि संप करणारी ही माणसं मेल्यानंतरचं जग कसं बघत होती? १८८६ साली याच गावात सेन्नेजेम नावाच्या कामगाराची कबर न फुटलेली सापडली. भिंतीवर तो आणि बायको इनेफेर्ती स्वर्गातल्या शेतात आहेत. तो ठिपकेदार बैलांमागे नांगर धरून चाललाय, ती मागून बी पेरतेय. दोघांच्या अंगावर चुण्या घातलेलं पांढरंशुभ्र तलम कापड, चिखलाचा एक शिंतोडा नाही. ज्याने जन्मभर नांगर धरला नाही त्याचंच शेत इतकं स्वच्छ असू शकतं.

आणि तिथेही राबायचं जिवावर येईल म्हणून सोबत बाहुल्या ठेवायच्या, शाब्ती. देवाने वाळू वाहायला किंवा शेत शिंपायला हाक मारली की मेलेल्याच्या ऐवजी त्यांनी ‘हजर’ म्हणायचं, असा मंत्र त्यांच्या अंगावर लिहिलेला असे. पुढच्या काळात संच ठरून गेला, ३६५ बाहुल्या, दिवसाला एक. पण नुसते मजूर ठेवून कसं चालेल? दर दहा मजुरांवर एक, असे ३६ मुकादम वेगळे, त्यांच्या हातात चाबूक. एकूण ४०१. ब्रिटिश म्युझियममध्ये अशा एका संचाची पावती आहे. अमुन देवाच्या देवळातला बाहुल्या घडवणारा कारागीर त्यात गिऱ्हाइकाला लिहून देतो की ३६५ नोकर आणि ३६ मुकादम यांची चांदी मला पोचली, माझं समाधान झालं. आणि मग बाहुल्यांकडे वळून त्यांना सांगतो की चला, तुमचा मोबदला चुकता झालाय, बोलावणं आलं की कामाला लागा. चांदी त्याच्या घरात गेली, राबायचं बाहुल्यांनी.